बकरी आडवी आली

१२ मार्च, मंगळवार

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर माझं असतं तर तू ते न फोडताच टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता मेट्रनबाईंकडून लिहून घेतला. आतलं अक्षर ताईचं आहे. फोडलंच आहेस तर वाच.

आई गेल्यापासून नऊ वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही, तेव्हा आधी खुशाली. बाबा माझ्याकडेच आहेत. त्र्याऐंशी पूर्ण झाली, कान गेले, जीभ शाबूत आहे. मी जानेवारीत निवृत्त झाले. चौतीस वर्षं वॉर्डात उभी होते, निरोपाच्या दिवशी पहिल्यांदा कुणी खुर्ची पुढे केली. आमच्या जुन्या मेट्रनबाई माझ्याआधी सहा वर्षं निवृत्त झाल्या, एकट्याच असतात. त्या म्हणाल्या, चल, आठ दिवस कुठेतरी समुद्र बघत बसू. बाबांना खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे सोपवलं आणि आम्ही या बेटावर आलो.

बेट म्हणजे डोंगराची पाठ पाण्याबाहेर आली आहे, एवढंच. झाडं कमी, माणसं त्याहून कमी, वारा मात्र पोटभर. रस्ता एकच, तोही एका गाडीपुरता. हो, मी आता गाडी चालवते. तुला माहीत असायचं कारण नाही. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी शिकले, घरात चालवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

धक्क्यावर गाड्या भाड्याने देणारा एक म्हातारा आहे. तुला तो आवडला असता. किल्ली मुठीत धरून त्याने आधी एक कागद मोठ्याने वाचून दाखवला, शाळेत धडा वाचतात तसा. रस्ता ठरावीक अंतरावर पोटासारखा फुगवला आहे, तिथे पांढरा खांब आहे. समोरून गाडी आली तर ज्याला खांब जवळ, त्याने थांबायचं. मागून कुणी आलं तर त्याला पुढे जाऊ द्यायचं, कारण तुम्ही फिरायला आला आहात, तो कामाला निघाला आहे. समुद्र बघायचा तर गाडी थांबवून बघायचा. करडू रस्त्याच्या एका बाजूला आणि त्याची आई दुसऱ्या बाजूला दिसली तर करडू धावत येणार हे धरूनच चालायचं. चढ चढताना पलीकडे कुणीतरी मांडी घालून बसलं आहे असं समजायचं. आणि बोट गाठायची असेल तर तासभर आधी निघायचं. हे शेवटचं त्याने दोनदा वाचलं. मी म्हटलं, माझा भाऊ बस चालवायचा, मला हे सगळं ठाऊक आहे. तो म्हणाला, "भावाला ठाऊक असेल. तुम्ही सही करा."

शनिवारी परतायचं होतं, ते राहिलं. धक्क्याकडे येताना एका चढावर बकरी आडवी आली. तिला चुकवायला मी गाडी वळवली. तिथे एक माणूस खांबाला रंग देत होता, त्याला लागलं. बरा होईल. कागदपत्रं पुरी होईपर्यंत बेट सोडू नका असं पोलिसाने सांगितलं आहे, म्हणून हा वाढीव मुक्काम. काळजीचं काही नाही.

हे तुलाच का कळवते, असं विचारशील. सहज. गाडीचा विषय निघाला म्हणून.

ताई


१५ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

वारा सुटला आहे. मेट्रनबाई खिडकीशी विणत बसल्या आहेत आणि माझ्या हाताला काम नाही. रिकामी बसले की तो माणूस डोळ्यांपुढे येतो. मागच्या पत्रात त्याला मी एका ओळीत उरकला.

बेटावर सगळे त्याला खांबवाला म्हणतात. सव्वीस वर्षं हे पांढरे खांब तोच रंगवतो, वाऱ्याने वाकलेले सरळ करतो, बाहेरून आलेल्यांनी पाडलेले पुन्हा रोवतो. गाडीने त्याला त्याच्याच खांबाशी दाबलं. उजवा पाय, गुडघ्याखाली. हाड बाहेर आलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. मी गळ्यातला स्कार्फ काढून मांडीला आवळला, गाडीतला पाना त्यात अडकवून पीळ दिला. पाय बांधल्याची वेळ लिहून ठेवावी लागते, पुढच्या डॉक्टरला कळायला. पेन सापडेना. शेवटी त्याच्याच डब्यात बोट बुडवून त्याच्या कपाळावर पांढऱ्या रंगाने लिहिलं, दोन चाळीस. तो शुद्धीवर होता. म्हणाला, तो रंग लवकर निघत नाही.

इथे दवाखाना आहे, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो. म्हणून त्याला बोटीनेच पलीकडच्या शहरात न्यायचं ठरलं. तीनची बोट त्याच्यासाठी चाळीस मिनिटं थांबली. बोट थांबते, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको कपडे न्यायला आली तेव्हा मला भेटून गेली. बुटकी, रुंद हातांची बाई. माझे दोन्ही हात धरून म्हणाली की डॉक्टर म्हणतात, तुम्ही नसता तर तो रस्त्यावरच संपला असता. देवानेच तुम्हाला त्या वेळी तिथे आणलं. मी म्हटलं, माझं कामच आहे ते. आता दुकानात गेले तर लोक मला रांगेत पुढे करतात. पाववाली कागदात एक पाव जास्तीचा गुंडाळते.

पोलीस चांगला माणूस आहे. जबाब आधी शिसपेन्सिलने लिहितो. त्याने विचारलं, बकरी कुठून आली. मी म्हटलं, डावीकडून. रंग कोणता? तपकिरी, एका कानावर पांढरा ठिपका. वॉर्डात रोज चाळीस माणसांच्या नोंदी ठेवलेल्या बाईला एवढं लक्षात राहतं. मेट्रनबाईंनी सांगितलं, माझा डोळा लागला होता, मी काही पाहिलं नाही. त्यानंतर त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. वयाचा परिणाम असेल.

एक लिहूनच टाकते. आई गेली त्या अपघाताच्या चौकशीत मी जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. तू वेग वाढवलास. ट्रॅक्टरला वळणावर मागे टाकायला गेलास. मागच्या सीटवर बसून मी जे पाहिलं तेच सांगितलं. त्यात माझं काय चुकलं, हे नऊ वर्षांत तू एकदा तरी विचारायला हवं होतंस. तू तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास, आणि गप्प बसणाऱ्याशी भांडताही येत नाही.

ताई


१९ मार्च, मंगळवार

धाकट्या,

बकरी नव्हती.

काल सकाळी हे पोलिसाला सांगितलं. आता तुला लिहिते आहे, म्हणजे पुन्हा फिरवता येणार नाही.

रविवारी दुपारी आमच्या दारावर थाप पडली. मेट्रनबाईंनी उघडलं. बाहेर एक म्हातारा, टोपी हातात, बुटांना चिखल. बेटावर शेळ्यांचा एकच मोठा कळप आहे, तो याचा. खुर्ची दिली, बसला नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलला.

"बाई, माझ्या कळपात तपकिरी आठ आहेत. कानावर ठिपका असलेली एकही सापडली नाही. दोनदा बघितलं. पण तुम्ही सांगता म्हणजे असणारच, माझी नजर आता पूर्वीची राहिली नाही. माझ्यामुळे त्याचा पाय गेला. तुम्हालाही नसता ताप झाला. मला माफ करा."

खांबवाल्याचा पाय गेला, हे मला या म्हाताऱ्याच्या तोंडून कळलं. शनिवारी गुडघ्याखालून कापला.

म्हातारा सांगत होता, तक्रार म्हणून नाही, विचारलं म्हणून. पोलिसाच्या सांगण्यावरून आठ दिवस शेळ्या कोंडून ठेवल्या आहेत. कोरड्या चाऱ्यावर दूध आटलं. चाळीस वर्षं तो आणि खांबवाला भिंतीला भिंत लावून राहतात, कुडाची दुरुस्तीही दोघांनी मिळून करायची. आता खांबवाल्याची बायको याला बघून दार लावून घेते. दुकानातही कुणी धड बोलत नाही. ज्या रांगेत लोक मला पुढे करतात त्याच रांगेत तो शेवटी उभा असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

आणि मी काय केलं असेल? मी म्हटलं, असू द्या आजोबा, तुमचा काय दोष, मुकी जनावरं. मी त्याला माफ केलं, धाकट्या. त्याने मान हलवली, टोपी घातली आणि गेला.

मेट्रनबाईंनी सुया खाली ठेवल्या. म्हणाल्या, "मी झोपले नव्हते. चढाच्या खाली मी तुला म्हटलं, हळू. तू म्हणालीस, बोट गेली तर उद्यापर्यंत इथे सडावं लागेल. काटा पंचाहत्तरवर होता. तुझ्यासाठी एकदा खोटं बोलले. हा माणूस दारात उभा राहून गेल्यावर दुसऱ्यांदा जीभ वळणार नाही."

 त्यांनी पुन्हा विणायला घेतलं. पण माझ्याच्याने खोलीत बसवेना. त्या चढापर्यंत चालत गेले. खांब अर्धा पांढरा आहे, अर्धा जुना, वाकलेला तसाच. ब्रश गवतात पडला होता. वर उभं राहिलं की दोन्हीकडचा रस्ता दिसतो. खालून काहीच दिसत नाही. गाड्या भाड्याने देणाऱ्या म्हाताऱ्याने कागदात लिहिलं होतं तेच, आणि खाली माझी सही.

दुसरी बोट दुसऱ्या दिवशी सकाळी होती. घरी कुणी खोळंबलं नव्हतं. बाबा शेजाऱ्यांकडे मजेत होते. मी कशाला धावत होते, विचारलंस तर सांगता येणार नाही. चौतीस वर्षं धावले, पायांना दुसरं काही येत नाही, असं म्हणता येईल. पण ते पोलिसापुढे म्हणवलं नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. जुना जबाब काढला, खोडरबर उचललं, दोन ओळी पुसल्या आणि थांबला. म्हणाला, नको, हेही राहू दे. त्याच्याच खाली नवा जबाब लिहिला. या वेळी पेनने. मग माझा परवाना काढून घेतला आणि शेळ्या सोडायला सांगण्यासाठी स्वतः सायकलवर निघाला.

खांबवाल्याची बायको दुपारच्या बोटीने यायची होती. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून धक्क्यावर जाऊन उभी राहिले. लांबूनच तिने मला हात केला. मी सांगितलं. बकरी नव्हती, मी वेगात होते, मला बोट गाठायची होती. तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आठवडाभर तुम्हाला दुवा देते आहे. तो आता परत कसा घेऊ, तेवढं सांगा." मग पिशवी उचलून गेली. घराकडे वळली नाही. आधी शेजारच्या फाटकाशी थांबली, ते मी लांबून पाहिलं. पुढे काय झालं ते बघायची हिंमत झाली नाही.

आता आपलं.

त्या दिवशी दोन वाजता माझी पाळी होती. आईचा डोळा आमच्याच दवाखान्यात दाखवायचा होता, म्हणून तू सुट्टी काढून आम्हाला न्यायला आलास. तू चाळीसच्या वर जात नव्हतास. मी मागून तीनदा म्हटलं, हाण जरा. मग म्हटलं, बस चालवून चालवून तुझी बैलगाडी झाली आहे, उतर, मीच ढकलत नेते. आई हसली. तूही हसलास आणि पाय दाबलास. पुढे ट्रॅक्टर होता, पुढे वळण होतं.

चौकशीत तुला विचारलं, एकोणीस वर्षांत एक ओरखडा नाही, मग त्या दिवशी वेग का वाढवला. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालास, माझी चूक. मग मला विचारलं. मी म्हटलं, तो वेगात होता, मी घाबरले होते. मी घाबरले नव्हते. घड्याळ बघत होते.

तुझी ड्रायव्हरची नोकरी गेली, बस चालवणाऱ्याने बस धुवायला लागणं काय असतं ते मला कळत नाही असं नाही. बाबा तुला म्हणाले, माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. तेव्हा मी त्यांच्यामागे पाण्याचा पेला घेऊन उभी होते. पेला हातातच होता. तोंड उघडायला काहीच आड येत नव्हतं.

ताई


९ एप्रिल, मंगळवार

धाकट्या,

बेट सोडू दिलं आणि घरी आल्यावर तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आणि त्यात तीन वाक्यं. 'मला कशाला सांगतेस? मी तिथेच होतो. बाबांना सांग.'

मी आठ-दहा दिवस ते कार्ड औषधांच्या डब्याखाली ठेवलं होतं. उद्या सांगू, त्यांचा रक्तदाब उतरू दे, दाढ ठणकते आहे ती बरी होऊ दे. नर्सला कारणं शोधायला वेळ लागत नाही. मग बेटावरच्या पोलिसाचं पत्र आलं. जूनमध्ये सुनावणी आहे, मी हजर राहायचं आहे. शेवटी त्याने कामाबाहेरची एक ओळ लिहिली होती. खांबवाला घरी परतला आहे, कुबड्या घेऊन शेजाऱ्याच्या शेळ्यांपाशी बसतो, खांबांसाठी दुसरा माणूस अजून नेमलेला नाही. ते पत्र बाबांच्या हाती पडलं. त्यांनी विचारलं, सुनावणी कसली?

मी त्यांना सांगायला बसले. बाबांना आता कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. जी गोष्ट मनातल्या मनातही हळू म्हणायची, ती ओरडून सांगावी लागली. बेटाची गोष्ट त्यांना लगेच कळली. पण गाडीत त्या दिवशी मीच घाई केली, असं म्हटलं तर ते म्हणाले, हो, त्याला घाई होतीच. मी पुन्हा ओरडले. त्याला नाही बाबा, मला. मी त्याला हाण म्हटलं. मी त्याला बैलगाडी म्हटलं. खालचे शेजारी जिन्यात येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, आम्ही भांडतो आहोत.

 बाबांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मग विचारलं, "चौकशीत तो काय म्हणाला होता?"

चौकशीच्या वेळी ते अंथरुणाला खिळले होते, तुला आठवत असेल. तिथे काय झालं ते त्यांना माझ्याच तोंडून कळलं होतं. मी ओरडून सांगितलं, माझी चूक असं म्हणाला. आणखी काही? आणखी काही नाही.

त्यानंतर आज चार दिवस झाले. ते जेवतात, औषध घेतात, मी विचारलं तर मान हलवतात. बोलत नाहीत. काल त्यांनी कपाटावरची जुनी बॅग काढायला शेजाऱ्यांच्या जावयाला बोलावलं. मला सांगितलं नाही.

ताई


१४ एप्रिल, रविवार

धाकट्या,

हे पत्र सकाळच्या पहिल्या बसच्या कंडक्टरबरोबर तुझ्याकडे पाठवते आहे, बाबा नंतरच्या बसने निघतील. तुला शेजाऱ्यांनी फोन केलाच आहे आणि तू ये म्हणालास, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग. तिला वेगळं पत्र लिहिलं आहे, ते याच पाकिटात आहे. बाबांना जे ओरडून सांगितलं तेच त्यात आहे. तू तिला यातलं काही कधी सांगितलं नसशील, याची मला खात्री आहे.

औषधं कापडी पिशवीत आहेत, सकाळची आणि रात्रीची वेगळी. पांढरी गोळी अर्धीच द्यायची, ती जेवणानंतर. गोळी घेतल्यासारखं करून उशीखाली ठेवतात, तेव्हा पाणी प्यायल्यावर दोन गोष्टी बोलायला लावायच्या. दोन्ही गुडघे दुखतात, पण सांगताना फक्त डावा सांगतात. कानाच्या यंत्राची त्यांना चीड आहे, आग्रह करू नकोस. तुझा आवाज माझ्याहून जाड आहे, तुझं बहुतेक ऐकू जाईल.

किती दिवसांसाठी जाता, असं मी विचारलं नाही. सगळे स्वेटर घेतले आहेत, आईचा फोटोही. भिंतीवर त्या जागी चौकोन उमटला आहे.

मी म्हटलं, बसमध्ये सोबत येते, तिथे उतरवून लगेच परत फिरेन, घरात येणार नाही. आठवड्याभरात त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. दमलेल्या माणसासारखं. म्हणाले, "नऊ वर्षं तुझ्याकडे होतो. पुरे झालं."

शेजाऱ्यांचा जावई त्यांच्याबरोबर येतो आहे. बस साडेअकराला पोचेल. उतरताना कुणी हात धरलेला त्यांना खपत नाही, झिडकारतात. आज झिडकारलं तरी तू धर.

ताई